सामाजी हसाजी दिवेकर

सामाजी हसाजी दिवेकर ऊर्फ सॅम्युअल इझिकेल दिवेकर (मृत्यू: इ.स. १७९७) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील बेने इस्रायली अधिकारी आणि मुंबईतील पहिल्या सिनेगॉगचे संस्थापक होते.

पार्श्वभूमी

बेने इस्रायल हा कोकणात स्थायिक झालेला मराठीभाषक ज्यू समाज. परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगाव येथे फुटले. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारची विश्रांती यांमुळे ते 'शनिवार तेली' म्हणून ओळखले जात. सुंता, आहारनियम व 'शमा' ही प्रार्थना त्यांनी जपली होती. मात्र त्यांच्याजवळ तोराची गुंडाळी किंवा प्रार्थनामंदिर नव्हते. जेरुसलेमच्या मंदिराच्या पुनःशुद्धीची आठवण म्हणून मेनोरा उजळून साजरा होणारा हनुक्का हा सणही त्यांना अपरिचित होता. त्यांचे पूर्वज या घटनेपूर्वीच भारतात आले असावेत, या मताला त्यातून आधार दिला जातो.

सैनिकी जीवन

अठराव्या शतकात या समाजातील अनेक कुटुंबे मुंबईत आली व त्यांतील पुरुष कंपनीच्या पलटणींत भरती झाले. दिवेकरांनी सैन्यात अधिकारपद मिळवले. म्हैसूरविरुद्धच्या युद्धात ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. ते बेने इस्रायली असल्याचे कळल्यावर टिपूच्या आईने रदबदली केल्याने त्यांचे प्राण वाचले, अशी कथा समाजात सांगितली जाते. सुखरूप सुटल्यास सिनेगॉग बांधण्याचा संकल्प त्यांनी कैदेत केला होता, असेही परंपरा सांगते.

सिनेगॉगची उभारणी

मुंबईस परतल्यावर दिवेकरांनी इ.स. १७९६ मध्ये मांडवी भागात सिनेगॉग बांधले. 'शआर हारहमीम' म्हणजे 'दयेचे द्वार' हे त्याचे नाव. बेने इस्रायली लोक सिनेगॉगला 'मशीद' म्हणत. त्यामुळे ही वास्तू 'जुनी मशीद' म्हणून प्रसिद्ध झाली. मशीद रेल्वे स्थानकाचे नाव तिच्यावरूनच पडले असे मानले जाते. इ.स. १८६० मध्ये सिनेगॉग त्याच भागातील सध्याच्या जागी आले. ते असलेला रस्ता सॅम्युअल स्ट्रीट या नावाने ओळखला जातो.

निधन आणि वारसा

वास्तू उभी राहिली, तरी विधिपूर्वक वाचनासाठी तोराची हस्तलिखित गुंडाळी आवश्यक होती. ती मिळवण्यासाठी दिवेकर कोचीनच्या ज्यू समाजाकडे गेले आणि इ.स. १७९७ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. सिनेगॉग बांधून पूर्ण झाल्यानंतर ते जेमतेम वर्षभर जगले.

त्यांच्या कार्यामुळे विखुरलेल्या समाजाला सामूहिक उपासनेचे केंद्र लाभले. पुढे कोचीन व बगदाद येथील ज्यूंशी संबंध वाढले, हिब्रू शिक्षणाचा प्रसार झाला आणि हनुक्काचे दिवेही कोकणातील घरांत लागू लागले. अलिबाग (इ.स. १८४८) आणि आजच्या नवी मुंबई परिसरातील पनवेल (इ.स. १८४९) येथील सिनेगॉग ही याच परंपरेची पुढील केंद्रे होत.