‘मुंबईचे वर्णन’कार माडगावकर

गोविंद नारायण माडगावकर यांचे नाव आज घेतले जाते ते ‘मुंबईचे वर्णन’ या १८६३ सालच्या एका ग्रंथामुळे. या कीर्तीमागे त्यांचे बाकीचे लेखन झाकले गेले, हा त्यांच्यावर थोडा अन्यायच म्हणावा लागेल.

माडगावकरांचा जन्म १८१५ चा. घराणे मूळचे गोव्यातील मडगावचे. मुंबईत स्कॉटिश मिशनऱ्यांच्या शाळेत त्यांनी अध्यापन केले. मराठी गद्य तेव्हा बाल्यावस्थेत होते. सामान्य वाचकाला उपयोगी पडेल अशी माहिती सोप्या भाषेत द्यावी, या हेतूने त्यांनी वाटेल तो विषय हाती घेतला. ‘शुचिर्भूतपणा’मध्ये स्वच्छतेविषयी लिहिले, कर्जाच्या दुष्परिणामांविषयी लिहिले, वनस्पतींपासून मिळणाऱ्या पदार्थांवरही पुस्तक रचले. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. पाचच वर्षांनी, १८५८ मध्ये, त्यांचे लोखंडी रस्त्यांविषयीचे पुस्तक निघाले. लोक ज्या यंत्राकडे भीतीने आणि कुतूहलाने पाहत होते, ते त्यांनी मराठीत समजावून दिले. अशी पुस्तके लवकर जुनी होतात, हे खरे.

‘मुंबईचे वर्णन’ जुने झाले नाही, कारण त्यात ग्रंथांतील इतिहासाबरोबर डोळ्यांनी पाहिलेले शहर आहे. देवळे, तलाव, बाजार, सण, शाळा, न्यायालये असे सारे त्यांनी टिपले. गणपत कृष्णाजींच्या छापखान्याची हकीकत तर मुळातून वाचावी. अमेरिकन मिशनचे छपाईचे काम पाहून या गृहस्थांनी शिळाप्रेस सिद्ध केला, १८३१ मध्ये पंचांग छापले आणि पुढे अक्षरांचे खिळेही स्वतः पाडले. छापील कागदाला शिवण्यास कचरणाऱ्या मंडळींची नोंदही माडगावकरांनी करून ठेवली आहे. मराठी मुद्रणाच्या अभ्यासकाला आजही या मजकुराकडे वळावे लागते.

ग्रंथ निघाला त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचा पैसा मुंबईत वाहत होता आणि कोटाच्या भिंती पाडल्या जात होत्या. माडगावकरांनी पाहिलेली जुनी मुंबई नाहीशी होऊ लागली होती. १८६५ मध्ये शेअरबाजाराचा फुगा फुटला आणि त्याच वर्षी त्यांचेही निधन झाले.

न. र. फाटक यांनी १९६१ मध्ये हा ग्रंथ पुन्हा संपादित केला. मुरली रंगनाथन यांचा इंग्रजी अनुवाद २००८ मध्ये आला. अ. का. प्रियोळकरांनी माडगावकरांचे इतर लेखनही संकलित केले, परंतु ते बहुतांशी अभ्यासकांपुरतेच राहिले.