धर्म शिकलेला बंडखोर

बारावीचा निकाल लागला की आमच्या वस्त्यावस्त्यांतून एकच चर्चा सुरू होते. मेडिकल की इंजिनिअरिंग? नाही जमले तर नर्सिंग, नाही तर स्पर्धा परीक्षा. त्यात गैर काही नाही. हजारो वर्षे शाळेबाहेर उभे केलेल्या समाजाने आधी पोटाचा विचार करावा, हे आम्हाला समजते. पण एखाद्या पोराने घरात सांगितले की, मला पाली घेऊन बी.ए. करायचे आहे, बौद्ध तत्त्वज्ञान शिकायचे आहे, तर घरचे त्याच्याकडे आजारी माणसाकडे पाहावे तसे पाहतात. धर्म शिकून काय करणार, हा त्यांचा प्रश्न असतो. या प्रश्नाचे उत्तर डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या आयुष्यात सापडते. म्हणून आज त्यांच्या मोर्चांविषयी कमी आणि त्यांच्या विद्यार्थिदशेविषयी अधिक बोलावे, असे आम्हाला वाटते.

किंग यांचा जन्म 15 जानेवारी 1929 रोजी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरात झाला. वडील एबेनेझर बाप्टिस्ट चर्चचे धर्मोपदेशक. आईचे वडीलही त्याच चर्चचे धर्मोपदेशक होते. म्हणजे धर्म घरातच होता. पण पोराचे मन त्यात रमत नव्हते. तेरा वर्षांचे असताना त्यांनी चर्चच्या रविवारच्या शाळेत येशूच्या सदेह पुनरुत्थानावरच शंका घेतली. चर्चमधला आरडाओरडा, अंगात आल्यासारखे डोलणे त्यांना नकोसे वाटे. ज्या धर्मात भावना उतू जाते आणि बुद्धीला जागा नसते, तो धर्म आपल्या लोकांच्या काय कामाचा, असे त्यांना वाटू लागले. वकील व्हावे की डॉक्टर, हा विचार त्यांच्या डोक्यात होता.

1944 साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांनी अटलांटातील मोरहाऊस कॉलेजात प्रवेश घेतला. गुलामगिरी संपल्यावर लगेच, 1867 मध्ये, काळ्यांच्या शिक्षणासाठी सुरू झालेली ही संस्था. प्रवेशापूर्वीच्या उन्हाळ्यात ते उत्तरेकडे कनेक्टिकट राज्यात तंबाखूच्या शेतावर मजुरीला गेले होते. तिथे कोणत्याही हॉटेलात बसता येई, गोऱ्यांच्या चर्चमध्ये जाता येई. परतताना मात्र वॉशिंग्टनला काळ्यांच्या वेगळ्या डब्यात जावे लागले. जेवणाच्या डब्यात तर त्यांच्यापुढे पडदा ओढला गेला. हा पडदा काय असतो, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. शाळेच्या पाण्याच्या रांजणापासून दूर बसवलेल्या भीमरावाची आठवण इथे झाल्याशिवाय राहत नाही.

मोरहाऊसचे अध्यक्ष होते डॉ. बेंजामिन मेज. गुलाम म्हणून जन्मलेल्या आईबापांचा हा मुलगा शिकागो विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन आला होता. काळ्यांच्या चर्चचा आणि त्यांच्या देवाच्या कल्पनेचा त्यांनी शास्त्रशुद्ध अभ्यास केला होता. मेज 1936-37 मध्ये भारतातही येऊन गेले होते. बाबासाहेबांच्या येवल्याच्या घोषणेने देश ढवळून निघाला होता, तेच हे दिवस. कॉलेजच्या प्रार्थनागृहात ते विद्यार्थ्यांपुढे बोलत आणि किंग ते मन लावून ऐकत. दुसरे गुरू धर्माचे प्राध्यापक जॉर्ज केल्सी. त्यांच्या बायबलच्या वर्गात किंग यांना उमगले की, धर्मग्रंथातील कथा अक्षरशः खऱ्या मानण्याची सक्ती नाही. त्यामागचे नैतिक सत्य तपासून घ्यायचे असते. डोके बाजूला न ठेवता धर्मोपदेशक होता येते, हे या दोन माणसांकडे पाहून त्यांना पटले. 1947 मध्ये त्यांनी निर्णय घेतला, फेब्रुवारी 1948 मध्ये दीक्षा घेतली आणि त्याच वर्षी समाजशास्त्र घेऊन बी.ए. झाले. समाजशास्त्र आणि धर्म ही जोडी लक्षात ठेवावी. समाज न शिकता धर्म शिकणारा कर्मकांडी होतो.

पुढची तीन वर्षे पेनसिल्व्हेनियातील क्रोझर धर्मविद्यालयात गेली. तिथे बहुसंख्य विद्यार्थी गोरे होते. काळ्यांविषयीचे पूर्वग्रह खोटे ठरवावेत म्हणून हा तरुण कपड्यांपासून वेळेपर्यंत प्रत्येक गोष्टीत काटेकोर राहू लागला. पुढे जगाला हलवणाऱ्या या वक्त्याला तिथे वक्तृत्वाच्या विषयात ‘सी’ श्रेणी मिळाली होती, हे आमच्या विद्यार्थ्यांनी जरूर ध्यानात ठेवावे! 1951 मध्ये मात्र ते वर्गात पहिले आले. वॉल्टर राउशेनबुश यांचे 1907 सालचे पुस्तक त्यांनी इथेच वाचले. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत धर्मोपदेशक राहिलेल्या या लेखकाने, माणसाच्या आत्म्याची काळजी करणाऱ्या धर्माने त्याच्या भाकरीची आणि घराचीही काळजी करावी, असा विचार मांडला होता. मार्क्स वाचला, नीबूर वाचला, गांधींविषयीचे व्याख्यान ऐकले. त्यानंतर 1955 मध्ये बोस्टन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. त्या प्रबंधात इतरांचे लेखन योग्य संदर्भ न देता घेतले होते, असे विद्यापीठाच्या समितीने 1991 मध्ये जाहीर केले. आम्ही किंग यांचे चाहते आहोत, भक्त नाही. म्हणून हेही नोंदवतो.

आता मुख्य प्रश्न. या शिक्षणाचा लोकांना उपयोग काय झाला? 1954 मध्ये किंग अलाबामातील माँटगोमेरी येथे डेक्स्टर अव्हेन्यू चर्चचे धर्मोपदेशक झाले. 1 डिसेंबर 1955 रोजी बसमधली जागा गोऱ्या उतारूला देण्यास नकार दिला म्हणून रोझा पार्क्स यांना अटक झाली आणि काळ्यांनी बसवर बहिष्कार टाकला. नेतृत्व सव्वीस वर्षांच्या किंगकडे आले. कारण काय? काळ्या शिक्षकाची, कारकुनाची, मोलकरणीची नोकरी गोऱ्या मालकाच्या हाती होती. काळ्या चर्चच्या धर्मोपदेशकाचा पगार त्याचेच लोक वर्गणीतून देत. त्याला नोकरीवरून काढण्याची ताकद गोऱ्यांत नव्हती. सभा चर्चमध्ये भरल्या, पैसा चर्चमध्ये जमला, लोकांना कामावर ने-आण करणाऱ्या गाड्यांची व्यवस्थाही चर्चमधूनच झाली. घरावर बॉम्ब पडला, तरी बहिष्कार 381 दिवस चालला.

तारखा पाहा. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली. 13 नोव्हेंबरला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने माँटगोमेरीच्या बसमधला वर्णभेद बेकायदा ठरवला. 6 डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि त्याच महिन्यात माँटगोमेरीचे काळे लोक बसमध्ये पुढच्या जागांवर जाऊन बसले.

मग किंग यांनी धर्म का सोडला नाही, असे आमचे तरुण विचारतात. गुलामगिरीला बायबलचा आधार देणारे गोरे चर्चवाले होतेच. गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी होता यावे, या वादातून 1845 मध्ये दक्षिणेतल्या बाप्टिस्टांनी वेगळी संघटना काढली. पण गुलामांना त्याच बायबलमध्ये इजिप्तच्या दास्यातून आपल्या लोकांना सोडवणारा मोझेस सापडला. सर्व माणसे देवाच्या प्रतिमेतून घडली, हे वाक्य हत्यार म्हणून वापरता आले. आमच्या वाट्याला आलेल्या शास्त्रांत विषमता ही चूक नव्हती, तोच पाया होता. म्हणून बाबासाहेबांनी एकवीस वर्षे धर्मांचा अभ्यास केला आणि ते घर सोडून बुद्धाकडे गेले. दोघांच्या वाटा वेगळ्या, पण दोघांनीही अभ्यासाशिवाय पाऊल टाकले नाही.

1959 मध्ये किंग भारतात आले. त्रिवेंद्रमच्या एका शाळेत पूर्वास्पृश्य मुलांपुढे मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख अमेरिकेतला अस्पृश्य अशी करून दिली. आधी ते चपापले, मग विचार करून त्यांनी ती ओळख स्वीकारली. मात्र भारतातील सुधारणांचे श्रेय त्यांनी गांधी-नेहरूंना दिले. यजमानांनी जे दाखवले तेच त्यांनी पाहिले. ही खंत आम्हाला आहे, आणि आपले म्हणणे जगापुढे मांडणारे अभ्यासक आपण वेळेवर तयार केले नाहीत, ही त्याहून मोठी खंत आहे.

4 एप्रिल 1968 रोजी मेम्फिस शहरात किंग यांची गोळी घालून हत्या झाली. वय 39. ते तिथे सफाई कामगारांच्या संपासाठी गेले होते. पावसापासून आडोसा शोधणारे दोन कामगार कचऱ्याच्या गाडीत चिरडून मेले होते आणि 1300 कामगार संपावर होते. देवाचे शास्त्र शिकलेला डॉक्टर शेवटी कचरा उचलणाऱ्यांच्या बाजूने उभा राहून मेला.

भिक्खू हा समाजसेवक असावा, असा आग्रह बाबासाहेबांनी धरला होता. आज गावोगावी विहारे उभी आहेत. त्यांतली किती वंदनेपुरती उघडतात आणि जयंतीनंतर बंद होतात? लग्नविधी लावणारा बौद्धाचार्य आहे. पण पोराच्या शंकेला उत्तर देणारा, अत्याचाराच्या रात्री पोलीस ठाण्यात उभा राहणारा, ज्याचा पगार कोणत्याही पक्षाच्या हाती नाही असा धम्माचा अभ्यासक किती विहारांत आहे? वर्गणी मिरवणुकीला निघते, तशी एका विद्यार्थ्याच्या पाली शिक्षणालाही निघाली पाहिजे. आमची सूचना एवढीच आहे. प्रत्येक विहाराने यंदा एक मुलगा किंवा मुलगी निवडावी, तिचा खर्च उचलावा आणि घरच्यांची समजूत काढायला समितीने स्वतः त्यांच्या दारी जावे.

जय भीम!