बाबा आमटे : सेवा घेणाऱ्यांनाच सेवक करणारे जीवन

दरवर्षी ११ फेब्रुवारीला, लूर्द मातेच्या सणादिवशी, ख्रिस्तसभा जागतिक रुग्णदिन पाळते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली हा दिवस जाहीर केला आणि १९९३ पासून तो सर्वत्र पाळला जाऊ लागला. त्याच्या दोनच दिवस आधी, ९ फेब्रुवारीला, आपल्या विदर्भाच्या मातीतील एका थोर पुरुषाची पुण्यतिथी येते. मुरलीधर देविदास आमटे, अर्थात बाबा आमटे, यांचे २००८ साली याच दिवशी निधन झाले. ते ख्रिस्ती नव्हते. तरीही शुभवर्तमानातील शेवटच्या न्यायाचा उतारा वाचताना ज्यांची आठवण होते, अशा व्यक्तींत त्यांचे नाव आम्हांला अग्रभागी दिसते. म्हणून या वर्षीच्या रुग्णदिनानिमित्त त्यांचे जीवन वाचकांपुढे ठेवीत आहोत.

वर्धा जिल्ह्यातील गिरड हे गाव त्याच्या टेकडीमुळे सर्वांना ठाऊक आहे. तेथे ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा असून सर्व धर्मांचे भाविक तेथे जातात. टेकडीवर विखुरलेल्या गोल खड्यांविषयी एक आख्यायिका सांगितली जाते. फरीदबाबांची थट्टा करणाऱ्या फिरत्या व्यापाऱ्यांच्या मालाचे दगड झाले, तेच हे खडे, अशी ती कथा आहे. गिरडहून समुद्रपूर आणि जाम ओलांडून चंद्रपूरच्या वाटेला लागले की वरोरा लागते. तेथे याच्या उलट घडले. दगडांचे अन्न झाले, आणि ते ज्या हातांनी केले त्या हातांना बोटेही धड नव्हती.

बाबांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाट येथे एका संपन्न जमीनदार कुटुंबात झाला. लहानपणी त्यांना कशाचीही वाण नव्हती. तारुण्यात स्वतःची मोटार होती, शिकारीचा नाद होता आणि इंग्रजी चित्रपटांची परीक्षणे लिहिण्याचा छंदही होता. नागपुरात कायद्याची पदवी घेऊन त्यांनी वरोऱ्यास वकिली सुरू केली. परंतु गरिबाची जमीन आणि त्याचे अश्रू रोजच समोर येत असताना, थोडे बोलून पुष्कळ फी घेण्याचा व्यवसाय त्यांच्या मनास बोचू लागला. १९४२ च्या लढ्यात त्यांनी अटकेतील देशभक्तांचे वकीलपत्र घेतले. सेवाग्राम जवळच होते. महात्मा गांधींच्या सहवासाचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. वरोऱ्याच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष असताना सफाई कामगारांचे दुःख समजून घेण्यासाठी त्यांनी स्वतः काही महिने मैल्याच्या पाट्या डोक्यावर वाहिल्या. १९४६ साली नागपूरच्या घुले शास्त्री घराण्यातील इंदू यांच्याशी त्यांचा विवाह झाला. याच पुढे साधनाताई म्हणून प्रसिद्धीस आल्या. सुखवस्तू घर सोडून हे दांपत्य श्रमाच्या आश्रमात राहू लागले.

याच काळात त्यांच्या जीवनाला कलाटणी देणारा प्रसंग घडला. पावसाच्या एका रात्री रस्त्याच्या कडेला त्यांना चिंध्यांचे गाठोडे पडलेले दिसले. जवळ जाऊन पाहतात तो तो एक माणूस होता. त्याचे नाव तुळशीराम. कुष्ठरोगाने त्याची बोटे झडली होती आणि जखमांत किडे पडले होते. कोणासही न भिणारे बाबा त्या दिवशी घाबरून घरी पळाले. मात्र त्या पळण्याची लाज त्यांना स्वस्थ बसू देईना. ते परत गेले, त्याला खाऊ घातले, पावसापासून बचावासाठी बांबूचा आडोसा उभा केला आणि त्याची शुश्रूषा केली. तुळशीराम वाचला नाही. बाबांच्या मनातील भीतीशी झगडा मात्र पुढे कित्येक महिने चालू राहिला. जेथे भय आहे तेथे प्रेम राहू शकत नाही, हे त्यांना त्या काळात उमगले. संत योहान आपल्या पहिल्या पत्रात हीच गोष्ट शिकवतो, हे आमच्या वाचकांच्या ध्यानी आलेच असेल.

भीतीवर उपाय म्हणून त्यांनी अभ्यास हाती घेतला. कुष्ठसेवेचे काम वर्धा परिसरास नवे नव्हते. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ सालीच कुष्ठधाम उभारले होते. सेवाग्राम आश्रमात गांधीजी स्वतः परचुरे शास्त्रींची सेवा करीत. बाबांनी १९४९ साली कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन या रोगाचे शिक्षण घेतले. संशोधनासाठी स्वतःच्या शरीरात जंतू टोचून घेण्याचीही त्यांनी तयारी दाखविली. त्याच वर्षी वरोऱ्यात महारोगी सेवा समितीची स्थापना झाली.

१९५१ साली सरकारने दिलेल्या सुमारे ५० एकर जमिनीवर हे कुटुंब राहावयास गेले. जमीन कसली, तो खडकाळ माळ होता. त्यावर झुडपे, साप आणि विंचू यांचे राज्य होते. सोबत सहा कुष्ठरुग्ण, विकास व प्रकाश ही दोन लहान मुले, एक लंगडी गाय आणि हाती १४ रुपये, एवढ्या भांडवलावर आनंदवन सुरू झाले. उद्घाटनास विनोबा आले होते. पहिले काम होते पाणी शोधण्याचे. उन्हाळ्यात, साध्या अवजारांनी, त्या सहा जणांसह बाबांनी खडक फोडून विहीर खोदली. तिला पाणी लागले तेव्हा आनंदवनाचा खरा पाया घातला गेला, असे म्हणावयास हरकत नाही. ज्यांना समाजाने भीक मागण्याखेरीज दुसरा मार्ग ठेवला नव्हता, त्यांनी आपल्या श्रमाने पाणी मिळविले होते.

येथेच बाबांचा मुख्य विचार दिसून येतो. दान माणसाला दुबळे करते, काम त्याला उभे करते, अशी त्यांची पक्की धारणा होती. उपचार, अन्न आणि निवारा मिळाला म्हणजे सेवा पूर्ण झाली, असे त्यांनी कधीच मानले नाही. आश्रमवासीयाला देण्यासारखे काही उरले पाहिजे, याकडे त्यांचे लक्ष असे. म्हणून बरे झालेले रुग्णच तेथे गवंडी, विणकर, सुतार, शेतकरी व गोपालक झाले. नव्याने आलेल्याची जखम धुण्यास पुढे येणारा हात पुष्कळदा कधीकाळी स्वतः जखमी झालेला असे. रहिवासी कोण आणि कर्मचारी कोण, हे बाहेरून येणाऱ्याला चटकन ओळखता येत नसे. साधनाताई गोठा, स्वयंपाकघर आणि रुग्णांची सेवा सांभाळीत. त्यांची मुलेही त्याच अंगणात वाढली. जे अन्न रुग्णांना, तेच घरच्यांना. या सहजीवनाचे चित्र साधनाताईंनी आपल्या ‘समिधा’ या आत्मकथनात रेखाटले आहे.

सुरुवातीस आनंदवनातील भाजी वरोऱ्याच्या बाजारात कोणी घेत नसे. पुढे पन्नासच्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे देशोदेशींचे स्वयंसेवक तेथे येऊन राहिले. त्यांनी इमारती बांधल्या आणि रुग्णांनी पिकवलेले अन्न त्यांच्याच सोबत खाल्ले. ते पाहून गावकऱ्यांची भीती हळूहळू ओसरली. १९६४ साली तर आनंदवनाने तालुक्यातील मुलांसाठी आनंद निकेतन महाविद्यालय उघडले. ज्या गावाने त्यांची भाजी नाकारली होती, त्याच गावाच्या लेकरांना त्यांनी शिक्षण दिले. सूड घेण्याची याहून सुंदर रीत आम्हांस ठाऊक नाही. त्यानंतर अंधांची शाळा झाली, १९६७ साली सोमनाथचा प्रकल्प उभा राहिला, आणि १९७३ साली भामरागडच्या अरण्यात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला.

औषधांनी रोग बरा होऊ लागला, तरी घरची दारे उघडली नाहीत. १९८० नंतर बहुविध औषधोपचार पद्धती आली आणि २००५ च्या अखेरीस देशपातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली आले. मात्र रुग्णांना वेगळे ठेवण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा २०१६ पर्यंत पुस्तकात होता, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद २०१९ साली रद्द झाली. त्यामुळे बरे झालेली माणसेही आनंदवनातच राहिली आणि तेथेच म्हातारी झाली. त्यांच्यातील विवाहित जोडप्यांसाठी ‘सुखसदन’, वयोवृद्ध कुष्ठमुक्तांसाठी ‘स्नेहसावली’, ज्येष्ठ नागरिकांसाठी ‘उत्तरायण’ अशी घरे तेथे वसली. आनंदवनाच्या यशाचे कौतुक करताना एक गोष्ट विसरता कामा नये. ही माणसे तेथे राहिली याचे एक कारण हेही होते की त्यांच्या स्वतःच्या गावांनी त्यांना परत घेतले नाही. तेवढ्यापुरता तो आपणा सर्वांवरचा ठपका आहे.

बाबांना पुढे स्वतःलाच शुश्रूषेची गरज लागली. मणक्याच्या विकाराने त्यांना बसणे अशक्य झाले. उभे राहणे किंवा पडून राहणे एवढेच उरले. त्याही अवस्थेत १९८५ साली त्यांनी तरुणांना घेऊन कन्याकुमारी ते काश्मीर भारत जोडो यात्रा केली. त्यांनी हा प्रवास गाडीतील बिछान्यावर पडून केला. १९९० साली नर्मदेच्या विस्थापितांसाठी त्यांनी आनंदवन सोडले आणि कसरावद येथे नदीकाठी अनेक वर्षे मुक्काम केला. आपल्यावाचून संस्था चालणार नाही, असा मोह त्यांनी धरला नाही, आणि ती चाललीही. रॅमन मॅगसेसे, टेम्पल्टन, गांधी शांतता पुरस्कार असे अनेक सन्मान त्यांना लाभले. आम्हांला त्यांत १९८३ चा डेमियन-डटन पुरस्कार विशेष वाटतो. मोलोकाई बेटावर कुष्ठरुग्णांत राहून अखेर त्यांच्यातलाच एक होऊन १८८९ साली देवाघरी गेलेल्या फादर डेमियन यांचे नाव त्या पुरस्कारास आहे.

अखेरच्या दिवसांत बाबा आनंदवनात परतले. रक्ताच्या कर्करोगाने ते खिळून राहिले. ज्या वसाहतीचे ते संस्थापक होते, तिचेच ते आता एक रहिवासी झाले होते. निधनानंतर त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह अग्नीला न देता आनंदवनाच्या मातीत ठेवण्यात आला. साधनाताई २०११ साली त्यांच्या मागोमाग गेल्या.

११ ऑक्टोबर २००९ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी फादर डेमियन यांना संतपद बहाल केले. त्याच समारंभात जान ज्युगां या फ्रेंच धर्मभगिनीचाही संतांत समावेश झाला. निराधार वृद्धांसाठी झटणाऱ्या ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ या संघाची ती संस्थापिका. एका थंडीत तिने एका अंध वृद्धेला घरी आणले आणि स्वतःचा बिछाना तिला देऊन आपण माळ्यावर झोपू लागली. कुष्ठरुग्णांत राहणारा आणि वृद्धांत राहणारी, दोघे एकाच दिवशी वेदीवर यावेत, यात आम्हांस अर्थ दिसतो. दोघांनीही दुरून मदत पाठवली नाही. ती दोघे तेथे राहावयास गेली.

प्रिय वाचकहो, आज आपल्या धर्मग्रामांतील मुले नोकरीसाठी नागपूर, पुणे, मुंबई गाठतात आणि आईवडील गावी एकटे उरतात. काहींना वृद्धाश्रमाचा आधार घ्यावा लागतो. त्यात लाज बाळगण्याचे कारण नाही. खरा प्रश्न वेगळा आहे. त्या घरात म्हाताऱ्या माणसाला वेळेवर जेवण आणि औषध मिळते, पण त्याच्याकडून कोणी काही मागते का? भाजी निवडण्यास, मुलांना प्रार्थना शिकविण्यास, नव्याने आलेल्या घाबरलेल्या सोबत्याजवळ बसण्यास कोणी त्याला बोलावते का? आणि त्याची उशी नीट करणाऱ्या कर्मचाऱ्याचे नाव, घर, सुखदुःख आपण कधी विचारतो का? बाबांच्या जीवनाने या प्रश्नांची उत्तरे दिली आहेत. रुग्णदिनी आपण आश्रमांना फळे व मिठाई घेऊन जातो. या वेळी तेथील वृद्धांना आपल्या धर्मग्रामासाठी एखादे काम करण्याची विनंतीही करू या. घरी अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा असतील तर संध्याकाळची जपमाळ त्यांनाच सांगावयास लावू या. आपल्यावाचून कोणाचे तरी अडते, हे माणसाला शेवटच्या श्वासापर्यंत जाणवत राहावे, एवढी सेवा तर आपल्यापैकी प्रत्येकाला करता येईल. आजारी व वृद्ध बंधुभगिनींवर आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्या सर्वांवर लूर्द मातेची कृपादृष्टी राहो, हीच प्रार्थना.