समाजस्वास्थ्याचे एकाकी उपासक : प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे

आपल्या स्मरणिकेत ज्ञातीतील कर्तबगार पुरुषांची चरित्रे छापण्याची प्रथा आहे व ती योग्यच आहे. या वर्षी मात्र आम्ही ज्ञातीबाहेरील एका पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. ज्यांच्या विचारांचा लाभ प्रत्येक घराच्या माजघरापर्यंत पोचला, त्यांस आपले म्हणताना जातीची अडचण पडू नये. हे पुरुष म्हणजे कै. प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूड येथे झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे हे त्यांचे वडील. १८९१ साली, रघुनाथराव नऊ वर्षांचे असताना, त्यांच्या मातोश्री राधाबाई बाळंतपणात निवर्तल्या. त्या काळी असे मृत्यू घरोघर घडत आणि लोक दैवाला बोल लावून स्वस्थ बसत. पुढे ज्या प्रश्नास रघुनाथरावांनी आयुष्य वाहिले, तो याच दुःखाच्या मुळाशी होता.

विद्यार्थिदशेत त्यांची बुद्धी तेजस्वी होती. १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते गणिताचे अध्यापक झाले. पुढे उच्च अध्ययनासाठी ते पॅरिसलाही जाऊन आले. फ्रेंच भाषा त्यांस उत्तम येत असल्याने युरोपातील नवे शास्त्रीय ग्रंथ ते मुळातून वाचीत. सुखाची प्राध्यापकी, मान व वेतन हे सर्व त्यांच्या हाती होते.

परंतु शास्त्राने जे सिद्ध केले ते लोकांस सांगितलेच पाहिजे, हा त्यांचा बाणा होता. वारंवारच्या बाळंतपणांनी स्त्रीचे शरीर झिजते, मुले अशक्त निपजतात आणि संसार कर्जात बुडतो. यावर सुरक्षित उपाय आहेत, असे ते उघडपणे सांगू लागले. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. हिंदुस्थानातील असे ते पहिलेच केंद्र. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपले केंद्र उघडले तेही त्याच वर्षी, हे ध्यानात घेतले म्हणजे रघुनाथराव काळाच्या किती पुढे होते ते कळते. १९२३ साली त्यांनी संततिनियमनावर मराठीत पुस्तक लिहिले आणि त्यापाठोपाठ गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावरही लिहिले.

याची किंमत त्यांस मोजावी लागली. ते मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणित शिकवीत होते. तेथील चालकांस ही मते रुचली नाहीत व त्यांस नोकरी सोडावी लागली. पत्नी मालतीबाई यांनी या ओढग्रस्तीत त्यांस साथ दिली. या दांपत्याने स्वेच्छेने अपत्य होऊ दिले नाही. जे लोकांस सांगितले ते आधी स्वतः आचरले.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि सव्वीस वर्षे पदरमोड करून चालविले. लाजेने कोणी विचारीत नसे असे प्रश्न वाचक पत्रांतून विचारीत आणि संपादक त्यांस आडपडदा न ठेवता उत्तरे देत. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. तरीही दोनशे रुपये दंड झाला. मासिक मात्र बंद पडले नाही. १९५२ साली सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि १४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथरावांनी देह ठेवला. ज्या कार्यासाठी त्यांनी अवहेलना सोसली, ते सरकारी धोरण झालेले त्यांनी पाहिले. पण मानसन्मान त्यांच्या वाट्यास आले नाहीत.

त्यांची सर्वच मते आम्हांस पटतात असे नाही. ते कडवे निरीश्वरवादी होते आणि त्यांची लेखणी जहाल होती. परंतु स्त्रीच्या शरीराविषयीचा निर्णय तिच्या संमतीने व्हावा, हे त्यांचे सांगणे कोणा सुज्ञास नाकारता येईल?

बारामती व इंदापूर तालुक्यांतील बांधवांनी याचा विशेष विचार करावा. नीरेच्या कालव्याने आपल्या शिवारात ऊस आला, कारखाने उभे राहिले, बारामतीस आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी शेकडा सुमारे बावीस जणींचे लग्न अठरा वर्षांच्या आतच झालेले होते. त्याच पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्या जणींनी संततिबंदीची शस्त्रक्रिया करून घेतलेली आढळली; पुरुषांचे प्रमाण शेकडा एकही भरले नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये काढली जात असल्याचा बोभाटा होऊन २०१९ साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. अशाच मजूर भगिनी हंगामात आपल्याही उसाच्या फडांत येतात. त्यांच्या प्रकृतीची चौकशी आपल्यापैकी किती बागायतदार करतात?

तेव्हा ज्ञातिबांधवांस आमची विनंती एवढीच की, मुलीचे लग्न कायद्याच्या वयाआधी ठरवू नये, संततिबंदीचा भार एकट्या सुनेवर टाकू नये आणि वार्षिक मेळाव्यात सत्कारसमारंभाबरोबर जाणत्या डॉक्टरांचे एक व्याख्यान ठेवावे. त्यास पुरुषांनीही उपस्थित राहावे. असे घडल्यास रघुनाथरावांचे पुण्यस्मरण खऱ्या अर्थाने झाले असे आम्ही समजू.