रेव्हरंड टिळकांचा कलह
धर्मसंस्थेतील कलह श्रद्धेवरून होतात, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ते पुष्कळदा अधिकार, वेतन आणि मान यांच्या वाटपावरून होतात. महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजात हा प्रश्न ज्यांनी निर्भीडपणे मांडला, त्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे स्थान अग्रभागी आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी चित्पावन कुळात जन्मलेल्या टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तो परदेशी मिशनऱ्याच्या नव्हे, तर भारतीय पाळकाच्या हातून घेतला. त्यांच्या पुढील आयुष्याची दिशा तेथेच सूचित झाली होती. अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनमध्ये ते काम करू लागले. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि १९१२ साली 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादकपद त्यांच्याकडे आले.

मिशनच्या सेवाभावाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु तेथे समता नव्हती. नेमणुकांची आणि पैशाची सूत्रे परदेशी मंडळींच्या हाती असत आणि भारतीय उपदेशक हे त्यांचे पगारी सेवक ठरत. नगर परिसरातील ख्रिस्ती समाज बहुतांशी महार-मांग जातींतून आलेला व दारिद्र्याने गांजलेला होता. ज्याच्या हाती आपली भाकरी, त्याच्याकडे न्याय मागण्याचे धैर्य त्याने कोठून आणावे? मिशनऱ्यांनी मायबापपण सोडून बंधुत्व स्वीकारावे, ही टिळकांची मागणी होती.

तथापि, टिळकांचाही चरितार्थ मिशनच्याच नोकरीवर चालत होता. १९१७ साली, पन्नाशी उलटून गेल्यावर, त्यांनी ती नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोघांनाही त्यात स्थान होते. मात्र त्यांनी ख्रिस्तभक्ती सोडली नाही, की 'ज्ञानोदया'ची लेखणीही खाली ठेवली नाही. मतभेद उघड झाल्यावरही आपले पत्र त्यांच्या हाती राहू देणाऱ्या मिशनलाही याचे श्रेय दिले पाहिजे.

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक निवर्तले. दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. आज चर्चची सूत्रे भारतीयांच्याच हाती आहेत, तरीही मालमत्ता आणि विश्वस्तपदे यांवरील वाद न्यायालयांपर्यंत जातात. राज्यकर्ते बदलले म्हणून न्याय आपोआप अवतरत नाही. मंडळीतील सर्वांत गरीब सभासदाला आपल्या भाकरीची चिंता न बाळगता हिशेब विचारता येतो काय, ही त्याची कसोटी आहे. टिळकांनी हा हिशेब मागितला आणि तो मागण्यापायी द्यावी लागणारी किंमत स्वतःच्या पदरातून भरली. हे ज्यांना मान्य आहे, त्यांनाच मंडळीत न्यायाची भाषा बोलण्याचा अधिकार पोहोचतो.