गणितवाला बिशप

बिशप म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर लांब झगा आणि हातात दंड, एवढंच यायचं. जॉन विल्यम कोलेन्सोबद्दल वाचलं आणि कळलं, हा तर आपल्याच जातकुळीतला!

जन्म १८१४, इंग्लंडमधलं कॉर्नवॉल. १८३६ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत दुसरा आला. हॅरोच्या शाळेत शिकवत असताना आगीत नुकसान झालं, डोक्यावर कर्ज चढलं. ते फेडलं शिकवण्या करून आणि आपल्या पाठ्यपुस्तकांचे हक्क विकून.

१८५३ मध्ये तो दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीचा बिशप झाला. तिथे जाऊन हा गडी आधी झुलू भाषा शिकला. तिचं व्याकरण लिहिलं, शब्दकोश केला, बायबलचं भाषांतर हाती घेतलं. या कामात त्याला मदत करायचा विल्यम न्गिडी नावाचा झुलू. नोहाच्या जहाजाची गोष्ट आली तेव्हा न्गिडीने सरळ विचारलं, हे सगळं खरंच असं घडलं का? आपण व्हायवात असल्या प्रश्नावर काहीतरी ठोकून देतो. कोलेन्सोला ते जमेना.

मग त्याने बायबलमधलेच आकडे घेऊन हिशोब मांडला. मोशेबरोबर लढण्याच्या वयाचे पुरुषच सहा लाख. ते सगळे पवित्र तंबूच्या दारासमोर जमले म्हणे. तंबूची रुंदी साधारण १८ फूट. म्हणजे एका ओळीत नऊ माणसं, दोन ओळींत दीड फूट अंतर. रांग किती लांब? जवळजवळ २० मैल! करून बघा, उत्तर बरोबर येतं.

१८६२ पासून हे छापून येऊ लागलं आणि इंग्लंडात गहजब झाला. केपटाऊनचे बिशप ग्रे यांनी त्याला पाखंडी ठरवून पदावरून काढलं, पुढे बहिष्कृतही केलं. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८६५ मध्ये ग्रे यांना तो अधिकारच नव्हता असा निकाल दिला. कोलेन्सो परत नाताळला गेला.

पण मला मोठा वाटतो तो यानंतरचा कोलेन्सो. १८७३ साली बंदुकांच्या नोंदणीवरून ह्लुबी जमातीचा प्रमुख लांगालिबालेले याच्यावर सरकारने फौज धाडली आणि १८७४ मध्ये नावापुरता खटला चालवून त्याला रॉबेन बेटावर पाठवलं (हो, मंडेलांचं तेच बेट). कोलेन्सोने या खटल्याची चिरफाड केली, थेट लंडनला जाऊन दाद मागितली. त्यापायी शेपस्टनसारखा वीस वर्षांचा मित्र तुटला. धर्माच्या भांडणात पाठीशी राहिलेले गोरेही आता उलटले. १८७९ मध्ये इसांडल्वाना इथे झुलूंनी इंग्रज फौज कापून काढली. सगळी वसाहत सुडाने पेटलेली असताना हा चर्चमध्ये उभा राहिला आणि हे युद्ध अन्यायाचं आहे, असं आपल्याच लोकांना सांगितलं.

झुलू त्याला सोबांतू म्हणायचे, म्हणजे लोकांचा बाप. १८८३ मध्ये तो गेला. पुढच्याच वर्षी त्याचं राहतं घर आगीत जळालं. मुलगी हॅरिएट मात्र झुलूंची बाजू लढवत राहिली, पुढची कित्येक वर्षं.