वसईचा दुभाषी : संत गोन्सालो गार्सिया



आपल्या देवळाच्या ज्युबिलीची तयारी चालू असतां एके सायंकाळीं धर्मग्रामांतील कांहीं तरुण माझ्याकडे आले. आठ-दहा जणांचें पथक करून परदेशीं जावें व तेथील एखाद्या मिशनांत कांहीं काळ सेवा करावी, असा त्यांचा मानस आहे. जातांना बरोबर काय न्यावें आणि तेथें पोंचल्यावर प्रथम काय करावें, हें त्यांनीं मला विचारलें. त्यांच्या उत्साहाचें मला कौतुक वाटलें. परंतु उपदेशाच्या चार गोष्टी सांगण्यापेक्षां, याच वसईच्या भूमीवरून वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षीं अशाच कार्यासाठीं समुद्रापार गेलेल्या एका मुलाचें चरित्र त्यांच्यापुढें ठेवावें, हें मला अधिक बरें वाटलें. संत गोन्सालो गार्सिया यांचें नांव आपण सर्व जण मोठ्या अभिमानानें घेतों. ते क्रुसावर मरण पावले, एवढें आपल्या लहान मुलांसही ठाऊक आहे. पण त्या क्रुसापर्यंतची वाट कशी होती, तिच्यावर त्यांस केवढा नकार पचवावा लागला, याचा विचार आपल्या हातून क्वचितच होतो.

वसई इ. स. १५३४ मध्यें पोर्तुगीजांच्या हातीं आली. त्यानंतर सुमारें बावीस-तेवीस वर्षांनीं, १५५७ च्या सुमारास, गोन्सालोचा जन्म येथें झाला. पिता पोर्तुगीज, शिपाईगिरी करणारा. माता या देशची, इथलीच. घरांत पित्याची एक आणि मातेची दुसरी अशा दोन भाषा मुलाच्या कानीं पडत असल्या पाहिजेत. किल्ल्यांतील येशूसंघीय धर्मगुरूंच्या विद्यालयांत त्याचें शिक्षण झालें. त्या विद्यालयाच्या आज भिंतीच काय त्या उरल्या आहेत; परंतु त्या काळीं तेथें मुलांस लेखन-वाचन शिकविलें जाई आणि दूरदेशीं गेलेल्या मिशनऱ्यांचीं पत्रें येत. संत फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्यें जपानांत उतरल्यापासून त्या देशाच्या वार्तांनीं सर्वांचीं मनें भारून गेलीं होतीं. फादर सेबास्तियांव गोन्साल्विस यांचा या मुलावर विशेष लोभ होता, असें चरित्रकार सांगतात. ते जपानकडे निघाले, तेव्हां गोन्सालोही त्यांच्याबरोबर निघाला.

तो प्रवास आजच्यासारखा नव्हता. गलबतांस मोसमी वाऱ्याची वाट पाहावी लागे. मलाक्का, मकाव अशा बंदरांत महिनेन् महिने थांबावें लागे. वाटेंत वादळें, ताप आणि चाचे. पुष्कळ जण पोंचण्यापूर्वींच समुद्रार्पण होत. परंपरा अशी सांगते कीं, गोन्सालोनें हा वेळ फुकट दवडला नाहीं. जहाजावर एक जपानी प्रवासी होता; त्याच्यापाशीं बसून हा मुलगा जपानी भाषेचे पहिले धडे गिरवूं लागला. १५७२ च्या जुलैंत मंडळी जपानांत उतरली, तेव्हां इतरांस जी भाषा कळायला वर्षें लागत, ती त्याच्या जिभेवर रुळूं लागली होती.

यापुढें सुमारें आठ वर्षें त्यानें धर्मगुरूंच्या हाताखालीं धर्मशिक्षकाचें काम केलें. गांवोगांव हिंडावें, मुलें जमवावीं, प्रार्थना शिकवाव्या, धर्मगुरूचें प्रवचन लोकांस समजावून द्यावें, आजाऱ्यांची विचारपूस करावी, असा त्याचा दिनक्रम असे. तो जपानी लोकांत मिसळला, आणि लोकांनींही त्याला आपलें मानलें.

आतां त्याच्या जीवनांतील कसोटीचा प्रसंग आला. येशूसंघांत प्रवेश मिळावा, ही त्याची मनापासूनची इच्छा होती. त्यानें ती वरिष्ठांपुढें ठेवली; परंतु ती मान्य झाली नाहीं. या नकाराचें कारण काय असावें? त्या काळच्या वरिष्ठांच्या मनांत हिंदुस्थानांत जन्मलेल्या व मिश्र वंशाच्या तरुणांस संघांत घेण्याविषयीं मोठी नाखुशी होती, ही इतिहासांत नमूद असलेली गोष्ट आहे. ख्रिस्ताच्या मळ्यांत माणसाचें कूळ पाहावयाचें नसतें, हें शिकविणाऱ्यांकडूनच ही चूक घडत होती. ती झांकून ठेवण्यांत आपल्या ख्रिस्तमंडळीचें भूषण नाहीं. ज्या घरासाठीं आठ वर्षें राबावें, त्याच घराचा दरवाजा आपल्यासाठीं उघडूं नये, याचें दुःख केवढें असेल! किती तरुण अशा वेळीं देवावर आणि देवळावर रुसून बसतात!

गोन्सालोलाही दुःख झालें. तो संघाची सेवा सोडून गेला आणि व्यापार करूं लागला. पूर्वेकडील बंदरें त्याच्या ओळखीचीं होतीं, भाषा अवगत होती, सचोटी अंगीं होती. तेव्हां व्यापारांत त्याला यश आलें. पैसा हातीं खेळूं लागला. पण मनाचें समाधान कांहीं त्यांत नव्हतें. व्यापाराच्या निमित्तानें तो फिलिपाईन्स बेटांतील मनिला शहरीं जाऊं-येऊं लागला. तेथें संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या संघाच्या बंधूंशीं त्याचा परिचय झाला. त्यांचा साधा झगा, अनवाणी पाय, गोरगरिबांची सेवा, हें पाहून त्याच्या मनांतील जुनी ज्योत पुनः पेटली. आपला व्यवहार आटोपून त्यानें त्या संघांत प्रवेश मागितला, आणि या वेळीं दार उघडलें. तो धर्मगुरु झाला नाहीं. साधा बंधु म्हणून त्यानें व्रतें घेतलीं. येथून पुढें आपण त्यांस ब्रदर गोन्सालो असें म्हणूं.

त्या वेळीं जपानचा कारभार तोयोतोमी हिदेयोशी या पराक्रमी सत्ताधीशाच्या हातीं होता. १५८७ मध्यें त्यानें परदेशी धर्मगुरूंनीं देश सोडून जावें असा हुकूम काढला होता. मात्र त्याची अंमलबजावणी ढिली असल्यामुळें येशूसंघीय धर्मगुरु गाजावाजा न करतां आपलें कार्य चालवीत होते. पुढें हिदेयोशीनें मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नराकडे निरोप धाडून आपलें स्वामित्व मान्य करण्याची मागणी केली. त्याला उत्तर म्हणून १५९३ मध्यें फादर पेद्रो बाउतिस्ता यांच्या नेतृत्वाखालीं एक शिष्टमंडळ जपानास पाठविण्यांत आलें. जपानी भाषा आणि तेथील रीतिरिवाज जाणणारा माणूस हवा होता. साहजिकच ब्रदर गोन्सालो यांची योजना झाली. लहानपणीं गलबतावर गिरवलेले धडे वीस वर्षांनंतर असे कामीं आले.

हिदेयोशीचा तळ तेव्हां क्यूशू बेटावरील नागोया येथें होता; कोरियावरील स्वारीचीं सूत्रें तो तेथून हालवीत होता. त्याच्यापुढें उभें राहून दोन राजसत्तांमधील बोलणीं करणें म्हणजे तलवारीच्या धारेवरून चालणें होतें. एक शब्द कमी-अधिक झाला तरी अनर्थ व्हावा! शिष्टाई निभावली. राजकारणाचा प्रश्न सुटला नाहीं. परंतु बंधूंस जपानांत राहण्याची परवानगी मिळाली व राजधानी क्योतो येथें जागाही मिळाली.

तेथें त्यांनीं १५९४ मध्यें एक लहानसें देऊळ बांधलें व त्याजवळच रुग्णालयें उघडलीं. महारोग्यांस त्या काळीं कोणी दाराशीं उभें करीत नसे. त्यांच्या जखमा धुणें, त्यांस भरविणें, त्यांच्याजवळ बसणें, हें बंधूंचें नित्याचें काम झालें. फादर पेद्रो व इतरांस अद्याप भाषा नीटशी येत नव्हती. म्हणून त्यांचें बोलणें रोग्यांस आणि रोग्यांचें बोलणें त्यांस पोंचविण्याचा भार ब्रदर गोन्सालो यांच्यावर पडे. येथें एक कटु गोष्टही सांगितली पाहिजे. पोप तेरावे ग्रेगरी यांनीं १५८५ मध्यें जपानचें कार्य येशूसंघाकडे सोंपविलें होतें; म्हणून नव्या बंधूंच्या येण्यानें दोन संघांत मतभेद निर्माण झाले. एक पक्ष गुपचूप कार्य करावें म्हणे, दुसरा उघडपणें. दोघेही देवाचेच सेवक होते, तथापि त्यांची मनें जुळलीं नाहींत.

१५९६ च्या ऑक्टोबरांत मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेलें सान फेलिपे नांवाचें मोठें स्पॅनिश जहाज वादळांत सांपडून जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्यास लागलें. जहाजावरील मौल्यवान माल हिदेयोशीनें जप्त केला. त्यावरून बोलाचाली वाढल्या आणि मिशनऱ्यांमागून स्पेनचें सैन्य येणार, अशा संशयानें त्याचा कोप भडकला. डिसेंबरांत क्योतो व ओसाका येथील मठांवर पहारे बसले. पकडलेल्यांची संख्या चोवीस भरली. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि बाकीचे जपानी प्रापंचिक ख्रिस्ती होते. जे दोन संघ जीवनांत दूर राहिले, त्यांस बंदिवासानें एकत्र आणलें.

३ जानेवारी १५९७ रोजीं क्योतो येथें प्रत्येकाच्या डाव्या कानाचा भाग कापण्यांत आला व त्यांस गाड्यांत बसवून रस्त्यांतून मिरविण्यांत आलें. मग भर हिंवाळ्यांत नागासाकीपर्यंतची शेंकडों मैलांची वाट सुरू झाली. वाटेंत बंदिवानांची सेवा करीत त्यांच्यामागून चालणारे दोघे जणही पकडले गेले, आणि संख्या सव्वीस झाली.

माझ्या तरुण मित्रांनो, या सव्विसांत तीन मुलेंही होतीं. लुईस इबाराकी बारा वर्षांचा, अंतोनियो तेरा वर्षांचा व थोमास कोझाकी चौदा वर्षांचा. थोमास आपल्या पित्याबरोबर मरणाकडे चालला होता. वाटेंत मिहारा येथें त्यानें आपल्या मातेस पत्र लिहिलें. तें तिच्या हातीं पोंचलें नाहीं, पुढें पित्याच्या देहावरील वस्त्रांत रक्तानें माखलेलें सांपडलें. बाळ लुईसला धर्म सोडल्यास जीवदान देण्याचें एका अधिकाऱ्यानें कबूल केलें, पण त्यानें तें नाकारलें. वसईचा मुलगा पंधराव्या वर्षीं ज्या देशांतील मुलांस प्रार्थना शिकवावयास गेला होता, त्याच देशाचीं मुलें आतां त्याच्या खांद्यास खांदा लावून चालत होतीं. मिशनकार्याचें याहून मोठें फळ कोणतें? शिकविणारा आणि शिकणारा हा भेदच तेथें उरला नाहीं.

५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीच्या निशिझाका टेंकडीवर सव्वीस क्रूस तयार होते. परंपरेप्रमाणें ब्रदर गोन्सालो टेंकडीवर सर्वांच्या आधीं पोंचले. एका क्रुसापाशीं जाऊन हा आपला काय, असें त्यांनीं विचारलें. तो दुसऱ्याचा होता. आपला क्रूस दाखविला जातांच त्यांनीं गुडघे टेंकून त्यास मिठी मारली. सर्वांस दोरांनीं व लोखंडी कड्यांनीं क्रुसांस जखडण्यांत आलें. पॉल मिकी या जपानी येशूसंघीयानें क्रुसावरूनच लोकांस उपदेश केला व मारणाऱ्यांस क्षमा केली. मग भालेवाले पुढें झाले. ब्रदर गोन्सालो यांचें वय तेव्हां चाळिसांच्या आसपास होतें.

पोप आठवे अर्बन यांनीं १६२७ मध्यें या रक्तसाक्ष्यांस धन्य म्हणून घोषित केलें, आणि ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं त्यांस संतपद दिलें. जपानांत मधल्या काळीं ख्रिस्ती धर्मावर कडक बंदी होती. तरीही १८६५ मध्यें नागासाकीच्या ओउरा येथील, याच सव्वीस रक्तसाक्ष्यांस अर्पिलेल्या नव्या देवळांत कांहीं ग्रामस्थ आले व त्यांनीं आपण ख्रिस्ती असल्याचें तेथील धर्मगुरूस हळूच कळविलें. दोनशेंहून अधिक वर्षें धर्मगुरूविना त्यांच्या कुळांनीं श्रद्धा जपली होती. बंदी १८७३ मध्यें उठली. १९६२ मध्यें निशिझाका टेंकडीवर सव्वीस मूर्तींचें स्मारक उभें राहिलें. त्यांत आपल्या वसईकराचीही मूर्ति आहे. इकडे १९९८ मध्यें वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला.

तरुणांनो, तुम्हीं मला विचारलें होतें कीं, बरोबर काय न्यावें. ज्यांच्याकडे जावयाचें, त्यांची भाषा शिकण्याची तयारी न्या. ती जहाजांत पाय ठेवल्यापासून शिकावयाची असते, पोंचल्यावर नव्हे. तेथें जाऊन प्रथम काय करावें, हेंही तुम्हीं विचारलें. ज्याला कोणी दाराशीं उभें करीत नाहीं, त्याच्याजवळ जाऊन बसा. तुम्हांपैकीं कोणाची निवड होणार नाहीं. पथकांतील जागा मोजक्याच असतात. ज्याला वगळलें जाईल, त्यानें घरीं जाऊन गोन्सालोचें स्मरण करावें. माणसांनीं एक दार लावलें म्हणून देवाचें बोलावणें रद्द होत नाहीं. तें कधीं कधीं व्यापाराच्या पेढीवरही येऊन पोंचतें.

आणि आम्हां वडीलधाऱ्यांस व धर्मगुरूंसही या चरित्रांत एक बोध आहे. आपल्या दाराशीं सेवेस उभ्या असलेल्या मुलाचें कूळ, गांव किंवा ऐपत पाहून आपण त्यास परत तर पाठवीत नाहीं ना, हें या ज्युबिलीच्या वर्षीं आपण स्वतःस विचारावें. वसईच्या या लेंकरास ज्यांनीं नाकारलें, त्यांचीं नांवें आज कोणास ठाऊक नाहींत.

संत गोन्सालो गार्सिया आमच्या तरुणांसाठीं व आम्हां सर्वांसाठीं विनंति करोत.

आपला,
धर्मग्रामगुरु